क्रूझवर दाण्याची ॲलर्जी: बुफे सोडा, एक माणूस धरा

तुमच्या प्रश्नातून मला जे कळलं ते आधी सांगते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगी आठ वर्षांची, तिला दाण्याची आणि तिळाची ॲलर्जी, एकदा रात्री इमर्जन्सीत न्यावं लागलं होतं. बरोबर सासूबाई, इन्सुलिनवर आणि एकादशी पाळणाऱ्या. दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरहून पेनांग आणि फुकेत अशी क्रूझ बुक झालीये, आणि आता घरात "एवढं सगळं असताना समुद्रावर कशाला जायचं?" असा सूर आहे.

जा. माझ्या मुलालाही दाण्याची ॲलर्जी आहे. तो आता कॉलेजात आहे आणि लहानपणापासून आमच्याबरोबर जहाजांवर जेवलाय. पुण्यातल्या मंगल कार्यालयापेक्षा मला जहाजावरचं जेवण सोपं वाटतं. कार्यालयात कोशिंबिरीत कूट आहे का, असं विचारलं तर वाढपी "नाही हो ताई" म्हणून पुढच्या पानावर जातो. जहाजावर रोज तेच स्वयंपाकघर, तीच माणसं आणि ठरलेल्या पाककृती असतात, शिवाय विचारणारे तुम्ही एकटेच नसता. फरक एकच, पण मोठा: मध्यरात्री काही झालं तर हॉस्पिटल दहा मिनिटांवर नसतं. त्यामुळे तयारीचा निम्मा भाग जेवणाचा आणि निम्मा औषधाचा.

आधी कागद. एजंटच्या फॉर्ममध्ये 'व्हेज', 'नॉन-व्हेज', 'जैन' एवढेच चौकोन असतात आणि ॲलर्जी तिथेच हरवते. आमच्या एका बुकिंगमध्ये एजंटने 'व्हेज'वर टिक करून विषय संपवला होता, कंपनीकडे ॲलर्जीची नोंदच नव्हती. म्हणून बुकिंग नंबर घेऊन क्रूझ कंपनीच्या विशेष आहार विभागाला स्वतः ईमेल करा आणि लेखी उत्तर येईपर्यंत पाठ सोडू नका. कंपन्यांना ही माहिती काही आठवडे आधी लागते. मुदत प्रत्येकीची वेगळी, ती त्यांच्या साइटवर असते. उत्तरात "शंभर टक्के हमी देता येणार नाही" असं वाक्य असेल, चढल्यावर कदाचित तशा फॉर्मवर सहीही मागतील. त्याने घाबरू नका. मला तर बिनधास्त "काही प्रॉब्लेम नाही" म्हणणाऱ्यांचीच जास्त धास्ती वाटते.

जेवणाची वेळ निवडायला सांगतील तेव्हा 'केव्हाही या' प्रकार घेऊ नका. ठरलेली वेळ आणि ठरलेलं टेबल घ्या, म्हणजे रोज संध्याकाळी तेच वेटर मिळतात. चढल्या दिवशी सगळे बुफेकडे आणि पोहण्याच्या तलावाकडे पळतात, त्या वेळात तुम्ही मुख्य डायनिंग हॉलमध्ये जाऊन हेड वेटरला गाठा. मुलीला बरोबर न्या. चेहरा पाहिला की नोंद नुसती नोंद राहत नाही. ॲलर्जी सांगितलेल्यांना बहुतेक जहाजांवर दुसऱ्या दिवशीचा मेनू आदल्या रात्री दाखवतात. त्यातून निवडायचं, ते पदार्थ वेगळे करून आणतात. तरीही ताट समोर आलं की दरवेळी विचारायचं. नेहमीच्या वेटरऐवजी दुसऱ्या कोणी ताट आणलं तर दोनदा विचारायचं. लाज वाटते, मान्य आहे, पण दुसऱ्या दिवसानंतर वेटरच आपणहून सांगायला लागतात.

बुफे मुलीसाठी बंद. पदार्थ वाईट असतात म्हणून नव्हे, चमच्यांमुळे. साताऱ्याचे काका सॅटेच्या (दाण्याच्या) सॉसमधला चमचा शेजारच्या भातात घालतात, आणि मग त्या भातावर लावलेल्या पाटीला काही अर्थ उरत नाही. आइस्क्रीमचा स्कूपही तसाच, एका डब्यातून दुसऱ्यात. सकाळचा नाश्ता बऱ्याच जहाजांवर मुख्य हॉलमध्येही मिळतो, तिकडे जा. बुफेलाच जावं लागलं तर तिथल्या शेफला सांगून आतल्या स्वयंपाकघरातून वेगळी प्लेट मागवा, ते देतात.

वर एकांनी लिहिलंय की सरळ इंडियन काउंटरवर जेवा, काळजीच नको. मला हे अजिबात पटत नाही. थाई करी समोर आली की आपण दहा प्रश्न विचारतो आणि पनीरची भाजी दिसली की सैल पडतो. हॉटेलच्या ग्रेव्हीला दाटपणा कशाने आलाय, काजूने की दाण्याने, हे नुसतं पाहून कळत नाही. जैन काउंटर तर त्याहून फसवा: कांदा-लसूण नाही म्हटल्यावर ग्रेव्हीचं अंग सुक्यामेव्यातून किंवा दाण्यातून येऊ शकतं. 'जैन' हा शब्द तुमच्या मुलीबद्दल काहीच सांगत नाही.

तीळ मात्र दाण्यांपेक्षा चिवट. दाणे निदान बऱ्याचदा दिसतात. तीळ बर्गरच्या पावावर असतात हे लक्षात येतं, पण हमसमधली ताहिनी (वाटलेले तीळ), सॅलडचं ड्रेसिंग आणि चायनीज पदार्थांवर शेवटी सोडलेलं तिळाचं तेल दिसत नाही. तेलाची गंमत अशी की पूर्ण रिफाइन्ड शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, पण घाण्याच्या तेलात उरतं. चायनीज स्वयंपाकातलं तिळाचं तेल वासासाठीच असतं, म्हणजे रिफाइन्ड नसतं. तेव्हा या प्रवासापुरतं चायनीज रेस्टॉरंट मुलीसाठी वगळाच. पाकिटांबद्दलही एक: अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ ॲलर्जीच्या यादीत ठळक लिहावे लागतात, युरोपात त्याच्या आधीपासून. आपल्याकडे एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या) २०२० च्या लेबलिंग नियमांतल्या यादीत दाणे आहेत, तीळ नाहीत. म्हणून भारतीय पाकिटावर ठळक सूचना शोधून थांबू नका, घटकांची पूर्ण यादी वाचा.

आता सर्वांत अवघड भाग, तो म्हणजे आपलंच सामान. आजोबांच्या पिशवीत दाण्याची चटणी, मावशीने दिलेले दाण्याचे लाडू, लोणावळ्याची चिक्की... आणि मग मुलगी कोणाच्या तरी हातचं काहीतरी खाते. या सहलीपुरते दाणे-तीळ कोणाच्याच बॅगेत नकोत, हे आत्ताच घरात जाहीर करा. "एवढ्याशा चवीने काय होतंय" म्हणणारे एक तरी नातेवाईक असतातच, त्यांना डॉक्टरांचं पत्र वाचायला द्या. घरी केलेले पदार्थ तसेही बहुतेक जहाजांवर चालत नाहीत, कंपनीचं सीलबंद पाकीट लागतं. आणि खसखस! सिंगापूरमध्ये खसखस नेणं बेकायदा आहे. दिवाळीचे अनारसे तिच्यावरच थापलेले असतात, बाकरवडीच्या सारणात आणि काही घरांच्या मसाल्यातही ती असते. दुबईहून क्रूझ घेणाऱ्यांनाही हेच लागू. प्रवासी किटली, छोटा कुकर, इस्त्री या वस्तू जहाजाच्या तपासणीत काढून घेतात आणि उतरताना परत देतात. गरम पाणी बुफेच्या चहाच्या मशीनवर मिळतं, त्यावर कपातले पोहे-उपमा होऊन जातात.

औषध. तुम्ही लिहिलंय की डॉक्टरांनी सेट्रिझिन दिलंय. ते अंगावरच्या गांध्यांना ठीक, पण श्वास अडकायला लागला, घसा सुजला, रक्तदाब पडला, तर ते उपयोगाचं नाही. तिथे अ‍ॅड्रेनालिनच लागतं, तेही लगेच. परदेशात मिळतं तसं पेनसारखं इंजेक्शन आपल्याकडे केमिस्टकडे सहज मिळत नाही. आपल्याकडे मिळतो तो एक मिलिलिटरचा अँप्यूल (काचेची छोटी बंद बाटली), त्यात १ मिलिग्रॅम औषध, आणि तो अगदी स्वस्त असतो. डोस साधारणपणे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे २५ किलोच्या मुलीला पाव मिलिलिटर. पण हे माझ्याकडून घेऊ नका. ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून मुलीच्या वजनाप्रमाणे लिहून घ्या आणि त्यांच्यासमोर तुम्ही आणि नवरा दोघांनी अँप्यूल फोडून, भरून, संत्र्यावर टोचून सराव करा. इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, गरज पडली तर कपड्यावरूनच. मुलीला आडवं ठेवायचं, पाय वर. श्वासाला त्रास होत असेल तर बसू द्यायचं, पण उठवून चालवायचं नाही. ५ ते १५ मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा डोस, म्हणून एकाहून जास्त अँप्यूल हवेत. बरं वाटलं तरी जहाजाच्या डॉक्टरकडे न्यायचंच, कारण काही तासांनी त्रास परत उलटू शकतो.

तुमच्या घरात यात एक खास धोका आहे. सासूबाईंच्या इन्सुलिनच्या सिरिंज घाईत अ‍ॅड्रेनालिनसाठी वापरणं. त्यांच्या सुया आखूड असतात, औषध स्नायूपर्यंत पोचत नाही, आणि खुणा युनिटमध्ये असल्यामुळे घाईत डोस चुकतो. दोन्ही औषधं दोन वेगळ्या रंगांच्या पाउचमध्ये ठेवा. अ‍ॅड्रेनालिन उन्हात आणि फ्रीझरमध्ये नको. मुलगी जिथे जाईल तिथे तो पाउच. केबिनच्या तिजोरीत बंद करून तुम्ही अकराव्या डेकवर, असं नको. बंदरावर दिलेल्या मोठ्या बॅगा केबिनमध्ये पोचायला संध्याकाळ होते, म्हणून दोघींची सगळी औषधं हातातल्या बॅगेतच. सुयांसाठी डॉक्टरांचं इंग्रजी पत्र, औषधांची जेनेरिक नावं त्यात हवीत. खोकल्याचं कोडीनवालं सिरप बॅगेत टाकू नका, सिंगापूरमध्ये त्याला आधी परवानगी लागते.

जहाजावर डॉक्टर आणि नर्स असतात, पण त्यांचं बिल तुमच्या खात्यावर चढतं आणि ते हलकं नसतं. इथली मेडिक्लेम तिथे सहसा चालत नाही. प्रवास विमा घेताना मुलीची ॲलर्जी आणि सासूबाईंचा मधुमेह, दोन्ही लिहून जाहीर करा, आणि जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलाय का ते पाहा.

हात धुण्याबद्दल थोडंसं. जहाजावर जागोजागी सॅनिटायझर असतो आणि मुलांना तेवढ्यावर सोडलं जातं. त्याने दाण्याचं प्रथिन निघत नाही. साबण-पाण्याने किंवा ओल्या वाइप्सने पुसून निघतं. जुलाब-उलट्यांच्या नोरोव्हायरसचंही तेच, तोही अल्कोहोलला फारसा जुमानत नाही. विमानातल्या ट्रेलाही वाइप्स. शेजारी कोणी दाणे खात असेल तर मात्र घाबरू नका, नुसत्या वासाने जिवावर बेतण्याची शक्यता फार कमी असते.

किनाऱ्यावर सगळं उलटं. पेनांगच्या टपऱ्यांवर नासी लेमाकवर तळलेले दाणे, रोजाकवर कूट, आपाम बालिकच्या पोटात दाण्याचं सारण. फुकेतला पॅड थाई, सोम ताम, मसामान करी, तिन्हींत दाणे. कढई सगळ्यांना एकच. माझं मत स्पष्ट आहे: मुलगी जहाजावर पोटभर जेवून उतरेल आणि बाहेर फक्त सोलून खायचं फळ, शहाळं, बाटलीतलं पाणी. थाई आणि मलय भाषेत ॲलर्जीचं कार्ड छापून ठेवा, पण ते अडचणीसाठी. टपरीवर जेवायचा परवाना म्हणून नाही. जहाजावरची फळं आणि सँडविच घेऊन उतरू नका, बऱ्याच देशांत ते चालत नाही. आणि फुकेतला जहाज बऱ्याचदा पातोंगसमोर नांगर टाकतं आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? बोट हलत असताना पायरीवरून उतरायचं असतं.

मुलांच्या क्लबमध्ये नाव घालताना ॲलर्जी लिहा आणि एकच प्रश्न विचारा: तुमचा स्टाफ इंजेक्शन देईल का? "नाही, पालकांना बोलावू" असं उत्तर आलं तर तुमच्यापैकी एकाने त्याच डेकवर राहायचं.

बाकीचं पटकन. बोट लागत असेल तर मधल्या भागातली, खालच्या डेकवरची केबिन घ्या; अ‍ॅव्होमिनने झोप येते, मुलीला डॉक्टरांना विचारूनच. समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचं बिल वेगळं येतं. केबिनच्या फोनवरचा इमर्जन्सी नंबर पहिल्याच दिवशी सगळ्यांनी पाहून ठेवा.

सासूबाईंचं इन्सुलिन. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, थायलंड दीड तास, आणि जहाजाचं घड्याळ कोणतं मानायचं ते रोजच्या पत्रकात असतं. डोसच्या वेळा निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. केबिनमधला छोटा फ्रिज कधीकधी नुसता पेयं गार ठेवण्यापुरता असतो, म्हणून औषधासाठी फ्रिज आधीच मागून ठेवा.

राहिली एकादशी. इन्सुलिन घेऊन उपास करायचा की नाही, हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं, तुम्ही किंवा मी नाही. ते हो म्हणाले तर उकडलेला बटाटा, दूध, दही, फळं जहाजावर मिळतात, हेड वेटरला आदल्या रात्री सांगायचं. साबुदाण्याची खिचडी विसरायची. मिळाली तरी कुटाशिवाय त्यांना चालणार नाही आणि कुटासकट तुमच्या टेबलावर नको. राजगिऱ्याच्या वड्यांचं सीलबंद पाकीट नेता येईल, पण मागची यादी वाचून, कारण बऱ्याच ब्रँडच्या वड्यांत दाणे घातलेले असतात.