८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ओरॅकल एएसएमचा सराव होईल का? वेगळ्या हार्ड डिस्क घ्याव्या लागतील?

एकही डिस्क विकत घेऊ नका, भाऊ. एएसएम म्हणजे डेटाबेसच्या डिस्क सांभाळणारं ओरॅकलचं सॉफ्टवेअर, आणि त्याला सरावापुरत्या खोट्या डिस्कही चालतात. वणीकडच्या खेड्यात राहून डीबीएची (डेटाबेस सांभाळायच्या नोकरीची) तयारी करताय आणि कोणीतरी तीन-चार डिस्क आणायला सांगितल्या, असं तुम्ही लिहिलंय. ते पैसे रॅममध्ये घाला. मी दारव्हा तालुक्यातल्या गावात बसून हेच केलं, तेही ८ जीबीवर.

ओरॅकलच्या १९सी आवृत्तीचं ग्रिड इन्फ्रास्ट्रक्चर (एएसएम ज्यातून येतं ते सॉफ्टवेअर) कमीत कमी ८ जीबी रॅम मागतं, आणि विंडोजचा वाटा वेगळाच. मी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत दुसरा, व्हर्च्युअल संगणक चालवणारा प्रोग्राम) ओरॅकल लिनक्सला ५ जीबी दिली आणि डेस्कटॉप बंद करून नुसता टेक्स्ट मोड ठेवला. इन्स्टॉलर मेमरीवरून कुरकुर करतो. सरावापुरतं 'इग्नोर ऑल'वर टिक करा. चालतं, पण रखडत. १६ जीबी झाली की सुख.

आता डिस्क. व्हर्च्युअल मशीन बंद करून सॅटा कंट्रोलरला १०-१० जीबीच्या तीन व्हर्च्युअल डिस्क जोडा. त्या म्हणजे लॅपटॉपवरच्या साध्या फाइली, पण लिनक्सला खऱ्याच वाटतात. 'शेअरेबल' करण्याची भानगड रॅकवाल्यांची (एकच डेटाबेस अनेक सर्व्हरवर चालवणाऱ्यांची), आपली नाही. इन्स्टॉल करताना 'स्टँडअलोन सर्व्हर' निवडा. १०जी या आधीच्या आवृत्तीच्या जुन्या नोट्स मात्र बाजूला ठेवा. २००९ च्या ११जी रिलीज २ पासून एएसएम ग्रिडच्या सॉफ्टवेअरसोबत येतं, डेटाबेसच्या नाही.

माझे दोन दिवस वाया गेले ते पुढच्याच पायरीवर. चाउन (मालक बदलायची लिनक्स कमांड) मारून डिस्कची मालकी ग्रिड युजरला दिली, डिस्कग्रुप (एएसएमनं एकत्र बांधलेला डिस्कचा गट) झाला, मी खूश. दुपारी वावधन (वादळ) सुटलं, लाइन गेली आणि लॅपटॉपची बॅटरी तर आधीच मेलेली. परत चालू केलं तर एएसएमला एकही डिस्क दिसेना. सगळं उडालं समजून पुन्हा इन्स्टॉल करायलाच बसलो होतो. सहज एलएस-एल (मालक दाखवणारी कमांड) मारलं, तर तिन्ही डिस्कचा मालक रूट, म्हणजे लिनक्सचा मुख्य युजर! चाउननं दिलेली मालकी रीबूटपर्यंतच टिकते. ती कायमची हवी तर यूडेव्हचा (लिनक्समध्ये डिस्क ओळखून तिची मालकी लावणाऱ्या भागाचा) रूल लिहावा लागतो: मालक ग्रिड, ग्रुप एएसएमॲडमिन, मोड ०६६० (मालक आणि ग्रुप दोघांनाच वाचता-लिहिता येईल असा). आणि रूल डिस्कच्या सिरीयल नंबरवर लिहा, एसडीबी-एसडीसी अशा नावांवर नको, कारण नवी डिस्क जोडली की ही अक्षरं सरकू शकतात. डेटा जागच्या जागी होता, बरं का.

डिस्कग्रुप 'नॉर्मल' रिडंडन्सीचा करा. म्हणजे प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती, दोन वेगळ्या फेल्युअर ग्रुपात (एकदम बंद पडू शकणाऱ्या डिस्कच्या गटांत; इथं प्रत्येक डिस्क हाच एक गट). घराची एक किल्ली आपल्याजवळ, एक शेजारी. मग एएसएमसीएमडीत (एएसएमच्या कमांड लाइनमध्ये) एलएसडीजी ही डिस्कग्रुपची जागा दाखवणारी कमांड चालवा. ३० जीबी जोडून वापरायला जेमतेम १० दिसतात, कारण एक डिस्क गेली तर तिचा माल हलवायला १० जीबी राखीव धरले जातात आणि उरलेले २० दोन प्रतींत निम्मे होतात.

यानंतर मोडतोड सुरू करा, खरं शिक्षण तिथंच आहे. स्नॅपशॉट (मशीनची आहे तशी प्रत, मागे फिरण्यासाठी) घ्या, मशीन बंद करा, एक डिस्क काढून टाका आणि चालू करा. डिस्कग्रुप साधा माउंट केला (वापरासाठी उघडला) तर ओआरए-१५०४२ हा एरर येईल, डिस्क हरवल्याचा. 'माउंट फोर्स' दिलं की ग्रुप उरलेल्या दोघींवर उभा राहतो. डिस्क ग्रुपातून रीतसर ड्रॉप करून (काढून) पाहायचं असेल तर रीबॅलन्स (तिचा माल उरलेल्या डिस्कवर हलवणं) संपेपर्यंत तिला हात लावू नका. व्ही-डॉलर-एएसएम-ऑपरेशन या चालू कामं दाखवणाऱ्या तक्त्यातली ओळ गेली की संपलं.

डाउनलोडचं सांगतो. ग्रिड आणि डेटाबेस मिळून ६ जीबीच्या आसपास होतात, लिनक्सची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) वेगळी. आमच्याकडे टावर घराच्या धाब्यावर चढलं तरच मिळतो, म्हणून मी यवतमाळला मावसभावाकडे जाऊन उतरवलं. पेनड्राइव्ह आधी एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून न्या. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि आयएसओ त्याहून मोठी निघाली. पहिल्या खेपेला एसटीचं भाडं त्यातच गेलं.