ट्रक गोदामाचे नाहीत, मग दाद कोणाकडे मागायची?

प्रश्न: आमच्या वस्तीमागे सात महिन्यांपूर्वी मोठं वेअरहाऊस सुरू झालं. रात्रभर ट्रकांची रांग आणि इंजिनं चालूच. सासूबाईंना दमा आहे, धाकट्याचा खोकला हटत नाही. अर्ज दिले, भेटून आलो. मॅनेजर म्हणतात, "ट्रक आमचे नाहीत, ट्रान्सपोर्टवाल्यांना सांगा." काय करता येईल?

उत्तर: ताई, तुमच्या पत्रात धुरापेक्षा मला 'सात महिने' हे शब्द जास्त खटकले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण म्हणजे पर्यावरणाचे तंटे ऐकणारं खास न्यायालय. त्याच्या २०१० च्या कायद्यातल्या कलम १४ खाली अर्ज करायला तक्रारीचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने मिळतात. ते गेले. उशिराचं सबळ कारण पटवलं तर आणखी ६० दिवस, त्यापुढे नाही. त्रास रोज होतो म्हणजे मुदतही रोज नव्याने सुरू होते, या भरवशावर राहू नका. तुमच्या हातात जेमतेम महिना आहे. मॅनेजरला आणि कार्यालयांना दिलेल्या अर्जांच्या पोच मात्र जपा. इतके दिवस कुठे गेले, याचं उत्तर त्याच देतील. भरपाईला कलम १५ पाच वर्षं देतं, पण तुम्हाला आधी रात्रीची झोप हवी आहे.

अर्ज एकट्याने करू नका. 'एका घराचं गाऱ्हाणं' असं चित्र उभं राहिलं की प्रकरण ढिलं पडतं. कायद्याला पर्यावरणाचा भरीव प्रश्न, म्हणजे साऱ्या वस्तीला लागणारी झळ दिसावी लागते. दहा-बारा घरांच्या सह्या घ्या.

आता "ट्रक आमचे नाहीत". हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. गोदामाला धुराडं नसतं आणि प्रदूषणाचे नियम बहुतेकदा धुराडंच शोधत येतात, म्हणून ही पळवाट सुचते. पण माल कधी उतरवायचा, गाड्या आवारात घ्यायच्या की रस्त्यावर ताटकळत ठेवायच्या, हे गोदामच ठरवतं ना? दक्षिण कॅलिफोर्नियात २०२१ पासून मोठ्या गोदामांना, ट्रक दुसऱ्याचे असले तरी, त्यांचं प्रदूषण कमी करायची जबाबदारी घ्यावी लागते. तो नियम आपल्याकडे लागू नाही, युक्तिवाद मात्र लागू पडतो. गोदाम, ट्रान्सपोर्टर आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ, तिघांनाही प्रतिवादी करा.

आवाजाची बाजू धुरापेक्षा सरळ आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि त्या वेळेत तिथे तातडीच्या प्रसंगाखेरीज हॉर्न वाजवायला बंदी आहे. फोनवरच्या ॲपचा आकडा कोर्टात टिकणार नाही. मंडळाने तुमच्या दाराशी येऊन मोजणी करावी, असं लेखी मागायला तो पुरे.

डिझेलचा धूर अपायकारक आहे हे सिद्ध करायची दगदग नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच त्याला कर्करोगकारक ठरवलंय. तुम्हाला दाखवायचंय ते एवढंच, की तो तुमच्या घरात येतो. म्हणून वही करा: तारीख, वेळ, गाडीचा नंबर, इंजिन किती वेळ चालू होतं. व्हिडिओ काढलेत तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडावं लागेल. "खोकला गोदामामुळेच" असं लिहून द्या म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका, ते लिहिणार नाहीत. गोदामाआधीचे आणि नंतरचे तारखांसह केसपेपर शेजारी ठेवले की पुष्कळ काम होतं.

त्याचवेळी उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली सार्वजनिक उपद्रवाचा अर्ज टाका. रस्त्यावरची रांग हटवायला माझ्या मते हाच रस्ता जवळचा. दिवाणी दावा तूर्त बाजूला ठेवा. हरित न्यायाधिकरणाच्या कक्षेतले वाद दिवाणी कोर्टाने ऐकायचे नाहीत, असं त्याच कायद्याचं कलम २९ सांगतं; ते दाखवून समोरचा वकील तिथे खोडा घालेल.

एक कागद आजच हवा. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठं असेल तर बांधकामाआधी पर्यावरण मंजुरी घेतली होती का, हा प्रश्न येतो. माहितीच्या अधिकारात परवानग्या, नकाशे आणि मंजुरीची प्रत मागा. उत्तराला ३० दिवस लागू शकतात आणि तुमच्याकडे तेवढेच आहेत, तेव्हा उत्तराची वाट न पाहता त्या अर्जाची पोचच न्यायाधिकरणाच्या अर्जाला जोडा.