टीएसएचचा आकडा समजावताना
आरोग्यसेविका म्हणून तुम्ही सिंधुदुर्गातल्या वाड्यांवर फिरू लागलात की हमखास विचारले जाईल, टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) वाढला म्हणजे थायरॉइड जास्त झाला का. उत्तर बहुतेक वेळा उलटे असते. गळ्यातील अवटू (थायरॉइड) ग्रंथी मंदावली की मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी तिला कामाला लावण्यासाठी रक्तात अधिक टीएसएच सोडते, म्हणजे वाढलेला आकडा ही वरून वारंवार मारलेली हाक असते. अशा वेळी दिल्या जाणाऱ्या गोळीतील थायरॉक्सिन, म्हणजे अवटू ग्रंथीचेच संप्रेरक, रक्तात निम्मे व्हायला सुमारे ७ दिवस लागतात, म्हणून मात्रा बदलल्यावर पुढची तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी होते. गोळी सकाळी अनशापोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि उकड्या तांदळाची पेज निदान अर्ध्या तासाने. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीत मात्र ४ तासांचे अंतर हवे, आणि नेमके हेच मी सुरुवातीला सांगायला विसरत असे.