सांगलीत कमी वीज लागणारे घर बांधताना त्यात काय काय असावे?

आपला भूखंड पश्चिममुखी असून घर दुमजली बांधायचे आहे, आणि सौर पॅनेल किती किलोवॅटचे घ्यावे, असे आपण विचारले आहे. या भागात घरांचे आराखडे करणारा म्हणून मी सांगेन की पॅनेलचा हिशेब शेवटी करावा. आधी ऊन घरात कुठून शिरणार आहे, ते पाहावे.

सांगली सुमारे 17 अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या पहिल्या पंधरवड्यात माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि त्यानंतर काही आठवडे किंचित उत्तरेकडेच राहतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात सर्वाधिक ऊन दक्षिणेची भिंत नव्हे, तर गच्ची झेलते, आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत वरच्या मजल्यावरील खोल्यांत उष्णता सोडत राहतो. पैसे मोजकेच असतील तर ते पहिल्यांदा इथे घालावेत: स्लॅबवर उष्णतारोधक थर, त्यावर कोबा आणि सर्वांत वर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे चिनी मातीच्या फरश्यांच्या तुकड्यांचा थर.

पश्चिमेचे ऊन तिरपे येत असल्याने दोन फुटी छज्जा तिथे पुरत नाही. त्या बाजूस जिना, स्नानगृह, कोठीची खोली घ्यावी आणि भिंत एएसी ब्लॉकची, म्हणजे आत हवेची बारीक छिद्रे असलेल्या हलक्या काँक्रीट ठोकळ्यांची, करावी. दर्शनी बाजूला मोठ्या काचा बसवण्याची हौस सध्या फार दिसते. पश्चिममुखी घरात ती महागात पडते. जिन्याच्या माथ्यावर उघडता येणाऱ्या खिडक्या ठेवल्यास रात्री घरातील गरम हवा वरून निघून जाते.

एवढे झाल्यावर, आणि 75 वॅटच्या पंख्यांऐवजी 30 वॅटच्या आसपासचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे घेतल्यावर, एका कुटुंबाला 3 किलोवॅट सहसा पुरतात. त्यातून दिवसाला सरासरी 12 युनिटच्या आसपास वीज मिळते, आणि 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एवढ्या क्षमतेला 78,000 रुपये अनुदान ठरवले गेले. मात्र बॅटरी नसलेली नेट मीटरची (जादा वीज वीज कंपनीला देऊन ती बिलातून वळती करणारी) यंत्रणा बाहेरची वीज गेली की स्वतःही बंद होते, हे खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे.

2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 45 फुटांची धोका पातळी ओलांडून 57 फूट गाठले होते. आपल्या गल्लीत तेव्हा पाणी कुठवर आले होते, ते शेजाऱ्यांना विचारावे आणि सौर इन्व्हर्टर व बॅटऱ्या पार्किंगमध्ये न लावता त्या खुणेच्या वर बसवाव्यात.