व्हीलॅन असताना डेटा सेंटरला व्हीएक्सलॅन कशाला लागतं?

तुमचा प्रश्न असा: 'मी बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. व्हीलॅन 4096 च करता येतात म्हणून ओव्हरले नेटवर्क आलं, असं नोट्समध्ये आहे. एवढाच फायदा का?'

व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचच्या जाळ्याचे पाडलेले वेगळे आभासी भाग. ओव्हरले म्हणजे असलेल्या जाळ्यावर उभं केलेलं दुसरं आभासी जाळं, आणि व्हीएक्सलॅन हा त्याचाच एक प्रकार. आकडा जवळपास बरोबर आहे, दोन क्रमांक राखीव असल्यामुळे वापरायला 4094 मिळतात. व्हीलॅनचा क्रमांक 12 बिटांचा, व्हीएक्सलॅनचा 24 बिटांचा, म्हणजे साधारण 1 कोटी 67 लाख नेटवर्क. शेकडो ग्राहकांना जागा देणाऱ्या क्लाउड कंपनीला हे हवंच असतं. पण बरीच वर्षं डेटा सेंटरच्या नेटवर्कवर काम केल्यावर सांगतो, खरा फायदा वेगळा आहे. सर्व्हर कोणत्या रॅकमध्ये आहे आणि त्याचा आयपी काय आहे, ह्या दोन गोष्टींची गाठ सुटते.

मी बेळगावातल्या शहापूरचा. पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा आई बसनं कुंदा पाठवायची. चार डबे, प्रत्येकावर आम्हा मुलांपैकी एकेकाचं नाव, आणि सगळे एका पोत्यात शिवलेले. पोत्यावर फक्त 'स्वारगेट'. आतले डबे कुणाचे, हे कंडक्टरला माहीत असायची गरजच नव्हती. पुढे दादा चिंचवडला राहायला गेला. त्याच्या डब्यावरचं नाव तेच राहिलं, डबा तेवढा 'वल्लभनगर' लिहिलेल्या दुसऱ्या पोत्यात जाऊ लागला.

ओव्हरले हेच करतं. व्हर्च्युअल मशीनची (सर्व्हरवर चालणाऱ्या आभासी संगणकाची) मूळ फ्रेम, म्हणजे इथरनेटचं पाकीट, जशीच्या तशी एका यूडीपी पॅकेटमध्ये घातली जाते. हे पोतं शिवणारा आणि उसवणारा म्हणजे व्हीटेप. तो स्विचमध्ये असतो किंवा सर्व्हरच्या हायपरव्हायझरमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. मशीन चालू असतानाच एका रॅकमधून दुसऱ्या रॅकमध्ये हलवलं, तरी त्याचा आयपी तोच राहतो, बाहेरचा पत्ता बदलतो. दोन ग्राहकांनी 192.168.1.10 हाच पत्ता वापरला तरी व्हीएक्सलॅनचा क्रमांक वेगळा असल्यामुळे गोंधळ होत नाही. मधल्या स्विचना हजारो मशीनचे मॅक पत्तेही (नेटवर्क कार्डांचे पत्ते) लक्षात ठेवावे लागत नाहीत, व्हीटेपचे पत्ते कळले की झालं.

दुसरा फायदा पैशांचा आहे, आणि तो पुस्तकात एका ओळीत उरकतात. जुन्या लेयर 2 जाळ्यात, म्हणजे फक्त मॅक पत्त्यांवर चालणाऱ्या जाळ्यात, लूप होऊ नये म्हणून स्पॅनिंग ट्री हा प्रोटोकॉल काही केबल चक्क बंद करून ठेवतो. म्हणजे दोन लिंकचे पैसे भरून एक वापरायची. ओव्हरलेच्या खाली मात्र साधं राउटिंग असतं, त्यामुळे सगळ्या लिंक एकाच वेळी चालतात. बाहेरच्या यूडीपी हेडरमधला सोर्स पोर्ट आतल्या फ्रेमवरून काढतात, म्हणून वेगवेगळी संभाषणं वेगवेगळ्या लिंकवर वाटली जातात.

आता पोत्याचं वजन. आयपीव्ही4 वर व्हीएक्सलॅनमुळे पॅकेट 50 बाइटनी वाढतं. एका ठिकाणी आम्ही नव्या जाळ्यावर गेलो, पिंग छान चालत होतं, लॉगिन होत होतं, पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की अडकायची. दोन रात्री आम्ही फायरवॉल उलटापालटा केला. शेवटी तुकडे न करण्याची खूण लावून 1472 बाइटचं (हेडर धरून 1500) पिंग मारलं, आणि ते गेलंच नाही. मधल्या एका स्विचचा एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, 1500 च राहिला होता, लागत होता किमान 1550. त्या रात्रीपासून कुठलंही नवं जाळं उभं केलं की मी आधी हे पिंग मारतो.

व्हीएक्सलॅन म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे, हेही लक्षात ठेवा. पोतं शिवलेलं असतं, कुलूपबंद नसतं. आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यात दोन रॅक असतील, तर व्हीलॅन पुरतं. तिथे हे आणलं तर दुरुस्तीला माणूस शोधत बसावं लागेल.

व्हीएक्सलॅनचं तपशीलपत्रक, म्हणजे 2014 चा आरएफसी 7348, वाचा, फार मोठा नाही. त्यात कोणतं मशीन कुठे आहे हे मल्टिकास्टनं शोधायची पद्धत आहे. आज मोठ्या डेटा सेंटरमध्ये ते काम बहुतेक बीजीपी ईव्हीपीएन हा राउटिंगचा प्रोटोकॉल करतो, म्हणून आरएफसीच्या पाठोपाठ तो शिका. आणि लॅपटॉपवर लिनक्सची दोन व्हर्च्युअल मशीन घेऊन त्यांच्यात व्हीएक्सलॅन जोडा, लिनक्स कर्नलमध्ये ते असतंच. जोडताना dstport 4789 सांगा, नाहीतर लिनक्स 8472 हा पोर्ट वापरतं. मग वायरशार्क ह्या पॅकेट पाहायच्या सॉफ्टवेअरमध्ये यूडीपी पोर्ट 4789 पाहा. एकाच पॅकेटमध्ये इथरनेट आणि आयपीचे हेडर दोन-दोनदा दिसतील.