राजीनाम्याआधी बेसिक कोर्स, मग बाकीचं

प्रश्न थोडक्यात असा: वय 36, पुण्यात आयटीत 11 वर्षं नोकरी, मूळ पगार 60,000. पत्नी शिक्षिका, पगार 38,000. मुलगी 6 वर्षांची. घरखर्च 55,000, गृहकर्जाचा हप्ता 27,000. एफडी 9 लाख, इक्विटी फंड 14 लाख (त्यात नफा 5 लाख), पीएफ 11 लाख. मार्चअखेर नोकरी सोडून गिर्यारोहणाचे कोर्स करायचे, गढवालमध्ये दोन वर्षं ट्रेक लीडर म्हणून राहायचं, खर्च पीएफमधून. मित्र कौतुक करतात, सासरे बेजबाबदार म्हणतात.

मित्र आणि सासरे, दोघंही राजीनाम्याकडेच बघताहेत. डोंगरात दुसऱ्याचा दोर सांभाळण्याएवढं शिकणं मला मनापासून कौतुकाचं वाटतं. नोकरी सोडणं त्यातला सर्वात सोपा भाग आहे.

आधी हिशोब. महिन्याला तूट 44,000, म्हणजे दोन वर्षांचे 10.56 लाख. कोर्स, बूट, डाऊन जॅकेट, प्रवास धरून 2 लाख. आरोग्य विम्याला 60,000. परतल्यावर सहा महिने नोकरी मिळाली नाही तर 2.64 लाख. वर सहा महिन्यांचा पूर्ण खर्च आणीबाणीसाठी, 4.92 लाख. एकूण 20.7 लाख. ट्रेकची कमाई शून्य धरली आहे. हंगाम सरला की ती थांबतेच. एफडी आणि फंड मिळून 23 लाख होतात, म्हणजे पीएफला हात न लावता जमतं. तुमच्या यादीत ग्रॅच्युइटीही (नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम) नाही: 60,000 × 15/26 × 11, सुमारे 3.8 लाख, करमुक्त.

पीएफ राहू द्या. नोकरी सुटल्यावरही 58 वर्षांपर्यंत त्यावर व्याज मिळतं, फक्त ते करपात्र होतं. फंडांतले पैसे मात्र बाजाराच्या भरवशावर ठेवू नका. मार्चमध्ये 1.25 लाख नफ्यापुरती युनिट्स विका, उरलेली एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. युनिट्स वर्षाहून जुनी असतील तर नव्या आर्थिक वर्षात पुन्हा 1.25 लाखांचा नफा करमुक्त मिळतो, आणि पगार नसल्यामुळे नव्या करप्रणालीतली 4 लाखांची मूळ सूटही उरलेल्या नफ्याला लावता येते. कर जवळजवळ शून्यावर येतो.

विम्याचं जास्त नीट बघा. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो; त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन मागा, म्हणजे प्रतीक्षाकाळ (काही आजारांचा खर्च मिळायला थांबावा लागणारा काळ) पुन्हा पहिल्यापासून मोजला जात नाही. पण आरोग्य पॉलिसीतलं एक वगळणं तुम्हाला थेट लागू होतं: व्यावसायिक म्हणून गिर्यारोहण, रॉक क्लाइंबिंग किंवा राफ्टिंग करताना झालेल्या दुखापतीचा खर्च मिळत नाही. कोर्सला विद्यार्थी म्हणून जाणं वेगळं, मानधन घेऊन ग्रुप नेणं वेगळं. म्हणून वैयक्तिक अपघात विमा गिर्यारोहण समाविष्ट असल्याचं लेखी घेऊनच काढा. टर्म विम्याचं (मृत्यू झाल्यास कुटुंबाला रक्कम देणाऱ्या विम्याचं) कव्हर वाढवायचं असेल तर पगार चालू असतानाच वाढवा, आणि फॉर्मवर गिर्यारोहण लपवू नका. नाहीतर क्लेम अडतो.

आता क्रम. उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंगचा बेसिक कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो आणि जागा बरेच महिने आधी भरतात. त्यापुढच्या ॲडव्हान्स कोर्सला प्रवेश मिळायला बेसिकमध्ये ए ग्रेड लागते. राजीनामा दिल्यावर ती हुकली तर पुढचं सगळं वेळापत्रक कोसळतं. तेव्हा बिनपगारी रजा घेऊन आधी बेसिक करा, ए ग्रेड आली तर त्यानंतरच्या मार्चअखेर बाहेर पडा.

हा हिशोब पत्नीला दाखवलात का, हे पत्रात नाही. दोन वर्षं घराला नियमित उत्पन्न एकच, 38,000, आणि मुलीचं आजारपण, शाळा, हप्त्याची तारीख हे सगळं त्या एकट्या बघणार. आकडे समोर ठेवून त्यांचा होकार घ्या, आणि एफडी दोघांच्या नावावर, 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीने करून घ्या.