प्रायव्हेट पायलटची लेखी परीक्षा: प्रश्नसंच पाठ करून भागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत नोकरी आहे, शनिवार-रविवारी विमान शिकायला लागलात, पाच-सहा उड्डाणं झाली आहेत आणि एफएएची (अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामक संस्थेची) लेखी परीक्षा दोन महिन्यांत द्यायची आहे. गणिताची भीती नाही, पण हवामान आणि नियम डोक्यात राहत नाहीत. मग सरावाचे प्रश्न उत्तरांसकट पाठ केले तर चालेल का?

पास व्हायला बहुतेक चालेल. साठ प्रश्न, प्रत्येकाला तीन पर्याय, ७० टक्के मिळाले की झालं. दोन-तीन आठवडे रोज रात्री घोकलं तर तेवढे गुण पडतात. तरीही तसं करू नका, असं मी कळकळीने सांगेन. त्याचं कारण मला परवाना मिळाल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात नीट कळलं.

मी टेक्सासमध्ये शिकलो. त्या जुलैमध्ये एका मित्राचे आईबाबा भारतातून आले होते. तिघांनाही विमानातून फिरवून आणतो, असं मी मोठ्या हौसेने कबूल केलं होतं. आदल्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही घेऊन बसलो. आमच्या क्लबच्या सेस्ना १७२ मध्ये माणसं, सामान आणि इंधन मिळून ८६० पौंड चालत होते. टाकी भरलेली म्हणजे वापरता येण्याजोगं ५३ गॅलन इंधन, गॅलनला ६ पौंड, म्हणजे ३१८. उरले ५४२. आम्हा चौघांचं वजन होत होतं ६६५. खुर्च्या चार असल्या तरी चौघं बसू शकत नव्हतो.

मग तापमान पाहिलं. धावपट्टी समुद्रसपाटीपासून ७०० फुटांवर, दुपारचा अंदाज ३८ अंशांचा. प्रमाण तापमान समुद्रसपाटीला १५ अंश धरतात आणि दर हजार फुटांना ते २ अंशांनी उतरतं, म्हणजे ७०० फुटांवर साधारण १३.६. फरक २४ अंशांच्या वर. एका अंशाला १२० फूट या हिशेबाने डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणावरून धरलेली उंची, आली ३६०० फुटांच्या आसपास. म्हणजे दुपारी विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी माथेरानहून उंच जाऊन बसणार होती: हवा विरळ, इंजिनाचा जोर कमी, पंखांना उचल कमी, धाव लांब. मी टाकी पूर्ण भरली नाही, सकाळी सातची वेळ ठरवली आणि दोन फेऱ्या केल्या. आधी काका, मग काकू. मित्र खालीच थांबला आणि त्याने फोटो काढले.

या हिशेबात लेखी परीक्षेच्या बाहेरचं काहीही नव्हतं. वजन आणि संतुलन, डेन्सिटी अल्टिट्यूड, टेक-ऑफचं अंतर, सगळं त्या साठ प्रश्नांतलंच. ‘बरोबर उत्तर ब’ एवढंच पाठ करून गेलो असतो, तर त्या रात्री वहीत लिहायला माझ्याकडे काही नसतं. म्हणून लेखीकडे उड्डाणाचाच भाग म्हणून बघा.

आता हवामान. ते डोक्यात राहत नाही म्हणता, पण निम्मं तुम्हाला आधीच येतं. फक्त शाळेत ते मराठीतून शिकलात आणि इथलं पुस्तक इंग्रजीत आहे. खारे वारे आणि मतलई वारे आठवतात? दिवसा जमीन लवकर तापते, वारा समुद्राकडून येतो, रात्री उलट. किनाऱ्यावरच्या वाऱ्याचा प्रश्न हाच. प्रतिरोध पाऊस आठवतो? ढग सह्याद्रीला अडतात, हवा वर चढते, गार होते, महाबळेश्वरला कोसळते आणि वाईच्या पलीकडे पर्जन्यछाया. दमट, अस्थिर हवा डोंगरावर चढवली तर कसले ढग होतील, असं पुस्तक विचारतं तेव्हा तोच घाट डोळ्यांसमोर आणा.

इन्व्हर्जन मला असंच समजलं. थंडीत गावाकडे सकाळी चुलीचा धूर थोडा वर जातो आणि घरांच्या वरच आडवा पसरून राहतो. कारण वरची हवा खालच्यापेक्षा उबदार असते, धूर तिच्यात चढू शकत नाही. स्थिर हवेत दृश्यमानता का खराब असते, धूर, धूळ, धुकं खालीच का अडकतात, याचं उत्तर त्या धुरात आहे. उलट अस्थिर हवेत हेलकावे बसतात, पण लांबचं स्वच्छ दिसतं. ही जोडी पक्की झाली की बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

तापमान आणि दवबिंदू यांतला फरकही तसाच. तापमान ३०, दवबिंदू २०, फरक १०. त्याला अडीचने भागा, आले ४. म्हणजे ढगांचा तळ जमिनीपासून साधारण ४००० फुटांवर. रोज सकाळी चहा घेताना जवळच्या विमानतळाचा मेटार (सध्याच्या हवामानाचा सांकेतिक अहवाल) उघडा, हे गणित करा आणि खिडकीतून ढग बघा. पंधरा दिवसांत मेटार वर्तमानपत्रासारखा वाचता येईल. एक मात्र लिहून ठेवा: मेटार आणि टॅफमध्ये (विमानतळाच्या हवामान अंदाजात) वाचलेला वारा खऱ्या उत्तरेवरून मोजलेला असतो, टॉवरने रेडिओवर सांगितलेला चुंबकीय उत्तरेवरून. ‘वाचला तर खरा, ऐकला तर चुंबकाचा,’ असं मी मनात म्हणायचो.

अल्टिमीटरच्या, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या यंत्राच्या, प्रश्नात बरेच जण गोंधळतात. जास्त दाबाच्या भागातून कमी दाबाच्या भागात गेलात आणि सेटिंग बदललं नाही, तर काटा आहे त्यापेक्षा जास्त उंची दाखवतो. दाब उतरला की विमानही उतरलेलं असतं, काट्याला मात्र पत्ता नसतो. समोर टेकडी असेल तर याचा अर्थ काय, याची एकदा कल्पना करा. परत विसरणार नाही.

नियमांचं वेगळं आहे. तिथे आकडे लक्षात ठेवावेच लागतात, पण आकड्यामागचं कारण कळलं की ते राहतात. हवाई क्षेत्राचे अक्षरांनी ओळखले जाणारे वर्ग असतात. त्यातल्या क्लास ई हवाई क्षेत्रात १० हजार फुटांच्या खाली दृश्यमानता ३ मैल, ढगांपासून ५०० फूट खाली, १००० फूट वर, २००० फूट बाजूला. हे आकडे लक्षात ठेवायला इथे ‘तीन सेस्ना १५२’ म्हणतात: ३ मैल, मग १-५-२ म्हणजे १०००, ५००, २०००. दहा हजारांच्या वर ५ मैल लागतात, ढगांपासूनची अंतरंही वाढतात. का? खाली २५० नॉटची वेगमर्यादा असते, वर ती नसते. ढगातून अचानक बाहेर आलेलं जेट तुम्हाला लवकर दिसायला हवं. क्लास जीमध्ये जमिनीपासून १२०० फुटांच्या आत दिवसा १ मैल आणि ढगांना न शिवणं एवढंच पुरतं, रात्री मात्र तेच तीन सेस्ना लागू होतात.

क्लास जीमधल्या रात्रीच्या नियमाचा हा प्रश्न परीक्षेत माझा चुकला होता. मला ९३ पडले, म्हणजे चार चुका. गुणपत्रिकेत चुकलेल्या प्रत्येक विषयाचा एसीएस (एफएएच्या परीक्षा-निकषांचा) कोड छापून येतो आणि प्रात्यक्षिकाच्या, म्हणजे विमानातल्या परीक्षेच्या, दिवशी परीक्षक त्या कोडांवर तोंडी विचारतोच. माझ्या परीक्षकाने आकडे विचारलेच नाहीत. “रात्री नियम कडक का?” एवढंच विचारलं. मी क्षणभर थांबलो आणि म्हटलं, रात्री ढग दिसत नाही, त्याच्यात शिरल्यावरच कळतं. तो मान हलवून पुढे गेला. पाठ केलेल्या माणसाला हे उत्तर सुचायला जड जातं.

तुमचं गणित चांगलं आहे, तरी आकृत्यांना हलकं घेऊ नका. प्रश्नांबरोबर नकाशे आणि आलेखांची वेगळी पुस्तिका मिळते. एफएएच्या संकेतस्थळावर ती फुकट आहे. तीच छापून घ्या आणि पहिल्या दिवसापासून तिच्यावरच सराव करा. टेक-ऑफच्या आलेखात पट्टी अर्धा मिलिमीटर सरकली की उत्तर शेजारच्या पर्यायावर जातं. नकाशावर तुटक निळी रेघ क्लास डी, तुटक किरमिजी रेघ जमिनीपासून सुरू होणारा क्लास ई, सलग किरमिजी क्लास सी, सलग निळी क्लास बी. हे तुमच्याच विमानतळाच्या नकाशावर बोट ठेवून शिका, परक्या गावाच्या नाही. एककांकडेही लक्ष द्या: दृश्यमानता स्टॅट्यूट मैलांत, वेग नॉटमध्ये, वेळ झुलूमध्ये (म्हणजे यूटीसी, जागतिक प्रमाणवेळेत). गणित येणारे लोक घाईत इथेच गुण घालवतात.

वाचायला एफएएचं ‘पायलट्स हँडबुक ऑफ एरोनॉटिकल नॉलेज’ पुरे आहे, तेही फुकट. एक प्रकरण वाचा, मग त्याच विषयाचे सराव प्रश्न सोडवा. प्रत्येक चुकीसमोर स्वतःच्या शब्दांत एक ओळ लिहा, हवी तर मराठीत. कार्ब्युरेटरमधल्या बर्फाबद्दल (तो वितळवायला गरम हवा सोडतात, तीच ‘हीट’) माझ्या वहीत लिहिलं होतं: ‘आधी आरपीएम हळूच उतरतो. हीट दिली की आणखी उतरतो, मग चढतो. घाबरून हीट बंद करू नको.’ पुढे एका दमट सकाळी विमानात नेमकं तसंच झालं आणि ती ओळ आठवली.

कागदपत्रांचं थोडं. परीक्षेला बसायला प्रशिक्षकाची किंवा ग्राउंड स्कूलची सही लागते. नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत जुळायला हवं. आपल्याकडे पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं नाव असतं आणि इथल्या कागदांवर ते कधी असतं, कधी गळतं. आयाक्रामध्ये (एफएएच्या ऑनलाइन अर्जप्रणालीत) एफटीएन, म्हणजे एफएएचा तुमचा ओळख क्रमांक, काढतानाच ते एकसारखं करून घ्या. तुम्ही अमेरिकी नागरिक नसाल, ग्रीन कार्ड असलं तरी, विमानातल्या प्रशिक्षणाआधी टीएसएची (अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेची) मंजुरी लागते. तुमची झालीच असेल. लेखीच्या अभ्यासाला ती लागत नाही, त्यामुळे मी ती यायची वाट बघण्याच्या काळात निम्मं हँडबुक संपवलं होतं.

दोन महिने योग्य आहेत. रोज एक तास, आणि उड्डाण चालू ठेवा, कारण जे शनिवारी हाताने केलंय ते सोमवारी वाचताना लगेच कळतं. सराव परीक्षांत सलग तीनदा ९० च्या वर गेलात की तारीख घ्या. निकाल २४ महिने चालतो, त्याच्या आत प्रात्यक्षिक व्हायला हवं. माझ्या ओळखीतल्या एकाने मूल झाल्यावर उड्डाण थांबवलं आणि त्याला लेखी पुन्हा द्यावी लागली. तेव्हा लेखी फार लवकर देऊन ठेवण्यातही अर्थ नाही.

परीक्षा झाल्यावर गुणपत्रिका जपून ठेवा आणि त्याच संध्याकाळी एकेक कोड काढून चुकलेला विषय पुन्हा वाचा. त्या विषयांची उजळणी घेतल्याची प्रशिक्षकाची सही प्रात्यक्षिकाच्या आधी लागतेच, ती उजळणी नुसती सहीपुरती होऊ देऊ नका. प्रशिक्षकाला बसवून एकेक विषय तुम्ही त्याला समजावून सांगा आणि कुठे अडखळता ते त्याला सांगायला लावा.